ठकूचे डोळे

वलवण, ५ ऑक्टोबर १९३६
पोहोचले! आमच्या घरातली पहिली बी. ए., आणि आता मासिकाच्या भयकथा-स्पर्धेची परीक्षक. निवांत वाचता यावे म्हणून संपादकांनी तळ्याकाठचा आपला बंगला दिला आहे. राखणीला आणि स्वयंपाकाला सरुमावशी. आल्याआल्या म्हणाल्या, पुस्तकं वाचून लय वाळलाय ताई तुमी, आदी भाकर खावा.

८ ऑक्टोबर
प्रत्येक कथेत तीच मोकळ्या केसांची बाई. 'भयंकर' हा शब्द पानोपानी, माणूस मात्र कुठेच नाही. भूत आधी कुणाचे तरी लेकरू असते, हे या लेखकांना कोण सांगणार? निकालासोबत वर्णनाचा एक नमुना मीच लिहून द्यावा म्हणते. मावशींची लेक ठकू नऊ वर्षांची असताना तापाने गेली. तिच्याविषयी विचारले. मावशी म्हणाल्या, मेलेल्याचं नाव घ्यावं, पर चाल सांगू न्हाई. त्ये घराची वाट धरतंय. मला हसू आले.

९ ऑक्टोबर
आज भाकऱ्या थापता थापता मावशींनी आपणहून सगळे सांगितले. ठकू उजवा पाय ओढत चालायची. हाक मारली की "आले गं" म्हणायची, आणि यायची मात्र सावकाश. मी पान लिहून वाचून दाखवले. हीच माजी ठकू, म्हणत त्या कितीतरी वेळ पदराने डोळे पुसत होत्या.

१० ऑक्टोबर
ठकू जिवंत झाली, पण तिची भीती वाटेना. म्हणून शेवट बदलला. डोळ्यांच्या जागी नुसत्या खाचा; आईलाही ती ओळखत नाही; दार उघडील त्याला तळ्यात ओढून नेते. हे मावशींना वाचून दाखवले नाही. पान टपालात टाकले.

१२ ऑक्टोबर
ओसरीवर ओली पावले. एक नीट उमटलेले, एक फरपटलेले. मावशी पुसू देत नाहीत. भाकरी एक जास्त केली. म्हणाल्या, उगा न्हाई सांगितली चाल.

१३ ऑक्टोबर
आज भिंतीवरही ओल्या बोटांच्या खुणा. चाचपडल्यासारख्या.
मावशींना खरे सांगितले. शेवट मी बदलला — डोळे मी काढले —
त्या हसल्या. माजी लेक मला वळकायची न्हाई व्हय?

१४ ऑक्टोबर, तिन्हीसांजा
मावशींनी ठकूला हाक मारली. बाहेरून — "आले गं."
पाय ओढत — सावकाश —
मी कडी धरून होते. त्यांनी माझी बोटे सोडवली. किती हलक्या हाताने —
दार उघडताहेत —
दुरुस्ती. ठकूला डोळे आहेत. काळेभोर, आईसारखे. ती आईला ओळखते. ती आईला ओळख