चार नंबरची बाटली

प्रिय धाकट्या,

तुझी वाइन मी नापास केली. दुकानाच्या मालकांनी नाही, मी. ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही, म्हणून आधी हे लिहून टाकते, बाकीचं मागून. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर मी ओरडते आणि तू ठेवून देतोस. कागद फेकलास तरी कुठंतरी पडून राहतो, कधीतरी हाताला लागतो. तुझी बायको म्हणाली, सोमवारपासून बाटल्या भरायला घेणार आहेस, चारही पिंपं, आणि बाटल्यांवर डकवायच्या चिठ्ठ्यांवर बाबांचं नाव छापून आलंय. भरू नकोस. निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी हात लावू नकोस.

तू म्हणशील, ग्लास विसळणारी बाई वाइन निवडायला कधी लागली? मलाही नवलच वाटतं. वाइनच्या दुकानाच्या मागच्या मोरीवर मी आठ वर्षं ग्लास धुतले. धुतलेला ग्लास नाकाशी धरायचा, साबणाचा वास राहिला असेल तर परत धुवायचा, एवढंच माझं शिक्षण. एकदा कोणी न विचारता मालकांना म्हटलं, ही बाटली गेलीय, ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतोय. ते म्हणाले, बाई, तुम्ही ग्लास धुवा. संध्याकाळी स्वतः चाखली आणि गुपचूप मोरीत ओतली. तेव्हापासून वर्षातून एकदा, टिकवायचं गंधक न घालता, द्राक्षाच्या सालीवरच्याच खमिरानं आंबवलेल्या लाल वाइन निवडायच्या असल्या की मला हात पुसून बाहेर बोलावतात. साध्या बाटल्या, वर नुसता आकडा. कुठली कोणाची ते मालकांच्या खिशातल्या कागदावर.

या वाइनला येणारी गिऱ्हाइकं दोन तऱ्हेची. पहिली घाबरट. तळाला गाळ दिसला की बाटली पोलिसात द्यावी तशी माझ्यासमोर धरतात. त्यांना सांगते, अहो, द्राक्षाचाच गाळ आहे तो, दोन दिवस उभी ठेवा, बसेल खाली. जिभेवर जरा चुरचुरली तरी मरत नाही कोणी. उघडल्या उघडल्या तबेल्याचा वास आला तर काचेच्या जगमध्ये ओता आणि तासभर फिरून या, वासही फिरायला गेलेला असेल. हलकी, पातळ असेल तर अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, कोमट पिऊ नका. दुसरी गिऱ्हाइकं म्हणजे नाकानं कांदे सोलणारी. त्यांना व्हिनेगर पाजलं तरी, वा, किती नैसर्गिक, म्हणून माना डोलावतात. परवा एका मिशीवाल्याला मी म्हटलं, साहेब, औषध घातलं नाही म्हणून सगळं माफ नसतं, उंदीरही नैसर्गिकच असतो. तो हसला. मी हसले नाही, कारण आदल्याच दिवशी चार नंबरची बाटली चाखून झाली होती.

चार नंबर तोंडात घेतली तेव्हा मनात म्हटलं, झालं, यंदाची निवड झाली. आधी चेरी, मग काळी मिरी, मग पाणी मारलेल्या मातीसारखं काहीतरी. बाकीच्या अकरा तिच्यापुढे पाणचट. गिळली आणि मालकांकडे बघून मान हलवणार, तेवढ्यात जिभेच्या मुळाशी तो आला. उंदराच्या पिंजऱ्याचा वास. बंद कोठीत पिंजरा महिनाभर विसरून राहिला की येतो ना, तसा. धाकट्या, हा वास फसवा आहे. नाकानं हुंगलास तर ग्लासात नसतो. वाइन पोटात गेली, थुंकीत मिसळली की मग मागून येतो, आणि एकदा आला की पाव खा, पाणी पी, हलत नाही. खात्री करायची तर मनगटावर दोन थेंब चोळायचे, थोडं थांबायचं आणि हुंगायचं. मी चोळले. होता.

त्याहून फसवी गोष्ट अशी की तो सगळ्यांना लागत नाही. दुकानात आम्ही तिघं. मला लागला, मालकांना लागला. काउंटरवरच्या बाईनं दोन घोट घेतले आणि म्हणाली, तुम्हा दोघांना झालंय काय, मस्त तर आहे. खोटं नव्हती बोलत. तिची जीभ तशी घडलीय, तिला तो जन्मात लागणार नाही. यात कोणाचा दोष नाही, एखाद्याला लाल-हिरवा कळत नाही तसं. मग मालकांनी खिशातून कागद काढला, चारसमोर बोट ठेवलं आणि मला खुर्ची दिली.

मालकांनी तुला नकार कळवला आणि संध्याकाळी तुझा फोन आला. तुला वाटलं, नकार मालकांचा. बोलत सुटलास की या लोकांना खऱ्या वाइनची सवय नाही, दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवत नाही, म्हणून नाकं मुरडतात.  तू म्हणालास, ताई, आहेस ना? आणि मी पहिल्यांदाच तुझ्याआधी फोन ठेवला. शब्द तुझे होते, पण आवाज हुबेहूब बाबांचा.

तू सहा वर्षांचा होतास, तुला बाबांचं वाइनचं तळघर आठवत असेल ते द्राक्षं तुडवून लाल झालेल्या पायांपुरतं. मी तेरा वर्षांची होते. शेजारीपाजारी रिकामे जग घेऊन जिना उतरायचे, बाबा पिंपाची तोटी सोडायचे, गप्पा रंगायच्या. आणि एका वर्षी लोक यायचे थांबले. आलेच तर एक ग्लास घ्यायचे आणि त्यांना एकदम काम आठवायचं. समोरचा शिंपी तर ग्लास हातात धरूनच उठायचा. बाबा म्हणायचे, जळतात. पुढच्या वर्षी तसंच झालं, त्याच्या पुढच्या वर्षीही. मग त्यांनी पिंपं विकली, सिमेंटच्या गोदामात पोती मोजायला लागले आणि शिंप्याशी मरेपर्यंत बोलले नाहीत. तू त्याच लोकांना दाखवून द्यायला तळघर परत उघडलंस, ते मला ठाऊक आहे. तुझ्या लग्नात शिंप्याला बोलावलं नाहीस, तेही ठाऊक आहे.

आता जे लिहिते ते कोणाला सांगितलेलं नाही. बाबांच्या वाइनला तोच वास होता. मी चोरून प्यायले होते, म्हणून मला कळलं. आईकडे गेले, तर ती म्हणाली, गप्प बस, मन मोडेल त्यांचं. तिलाही लागत होता. शिंप्याला लागत होता, सगळ्या गल्लीला लागत होता, एकट्या बाबांना लागत नव्हता. सगळ्यांनी त्यांचं मन जपलं आणि माणूस घालवला. कोणी एकानं तोंडावर सांगितलं असतं तर शिव्या दिल्या असत्या, दोन दिवस जेवले नसते, आणि तिसऱ्या दिवशी पिंपं घासायला बसले असते. ते सांगणारं कोणीतरी मी होऊ शकत होते. तेव्हा मी आईचं ऐकलं. आता आई नाही आणि मी कोणाचं ऐकत नाही. तुझी जीभ बाबांची आहे, धाकट्या, माझी तशी नाही. शनिवारी सकाळच्या गाडीनं येतेय. चारही पिंपं एकेक करून चाखेन, कदाचित एकाच पिंपानं घात केला असेल. ज्यात वास असेल ते काठोकाठ भरून वर्षभर गार ठेवू. कधी जातो, कधी जात नाही, उगाच धीर देणार नाही. पुढच्या हंगामातही येईन, त्याच्या पुढच्याही. राग आला असेल तर दार उघडू नकोस. मला वाट बघायचा किती कंटाळा आहे ते तुला माहीत आहे, तरी पायरीवर बसून राहीन.

तुझीच फटकळ,
ताई