इंजिन मोकळं करायचे रविवार

आबा, गेल्या महिन्यात आपली लाल गाडी बघायला पुण्याहून एक गृहस्थ आले होते. जुन्या, लहान टू-स्ट्रोक गाड्या जमवतात. त्यांनी किक मारली, निळा धूर निघाला, आणि साठीच्या घरातला तो माणूस डोळे मिटून वास घेत उभा राहिला. मला नवल वाटलं नाही. या वेडाबद्दल मी पेपरात किती वेळा लिहिलंय. दोघांनी धरली तर जीपमध्ये चढेल एवढं वजन, घरी बसून खोलता येईल असं इंजिन, अर्ध्या थ्रॉटलपर्यंत गरीब गाय आणि तिथून पुढं कुणी पाठीत रट्टा घातल्यासारखी उसळी. ते म्हणाले, असं यंत्र, असे हात असलेले वडील आणि शर्यतीही तुम्हीच जिंकलेल्या, नशीबवान आहात. मी हसलो. पण नशीबवान मी नव्हतो, आक्का होती.

तुम्हाला हे कधी कळलं का, ठाऊक नाही. उद्यमनगरातल्या आपल्या गॅरेजात सिलिंडर बोअर करून नवा पिस्टन बसवला, की पहिले काही रविवार ती गाडी हळूच चालवायची, घासणारे भाग एकमेकांच्या सवयीचे होऊ द्यायचे. त्याला तुम्ही इंजिन मोकळं करणं म्हणत होता. ते काम आक्काचं. शर्यत माझी. पहिल्यांदा मी हट्ट धरला तेव्हा तुम्ही हात पुसत म्हणालात, "तुला दिलं तर पन्हाळा यायच्या आत इंजिन तापवून पिस्टन चिकटवशील. तुझं काम नंतर हाय." आणि तुमचा जुना सदरा घालून, वेणी आत खोचून आक्का पुढं बसली. मागं तुम्ही. कारण नुसतं चालवून भागत नाही, कुणीतरी मागं बसून ऐकायला लागतं, असं तुमचं मत.

शिवाजी पेठेतून तुम्ही दोघं निघालात की तालमीच्या कट्ट्यावरची माणसं बोलणं थांबवायची. त्या काळात पोरगी गाडीवर, आणि बाप मागं. एकानं विचारलंच, "काय मिस्त्री, पोरीला घोडं शिकवताय व्हय?" गाडी थांबवायला लावून तुम्ही सांगितलंत, "न्हाय ओ. घोडं नवं हाय, पोरगी शिकवाय लागलीया त्याला." सगळा कट्टा हसला. मी दारात उभा होतो, आणि त्या वाक्यात आपण असावं असं मला फार वाटलं.

तुम्ही दुपारी येता. दोघांच्या केसांत धूळ, कपड्यांना तेलाचा वास. आई विचारते, एवढा वेळ कुठं? आक्का सांगते, कुरुंदवाडच्या वाटेवर इंजिन गार व्हायला झाडाखाली थांबलो होतो. पन्हाळ्याला गेलात तर उताराची गोष्ट निघते: थ्रॉटल बंद ठेवून उतरलं की पेट्रोलमध्ये मिसळलेलं तेलही इंजिनाला तुटतं, म्हणून आबा मागून खांद्यावर टिचकी मारतात, मी जरा पिळते. माझ्यासाठी कवठाची बर्फी आणलेली असे. मी ती आईला देत असे. मला गोड आवडत नाही, असा घरात जो समज आहे, तो तेव्हापासूनचा.

मैदानावरच्या मातीत मी जिंकलो, तेव्हा तुम्ही दोरीपलीकडं उभे असायचा. जवळ येऊन आधी इंजिनाला हात लावायचा, किती तापलंय बघायला. तेही बरोबरच होतं. पण शर्यतीच्या गाडीवर एकटंच बसतात, आबा.

त्या गृहस्थांना मी गाडी दिली नाही. त्यांनी जाताना सांगितलं, पिस्टन वाजतोय. म्हणून सिलिंडर बोअर करून नवा पिस्टन बसवून घेतला. ते कळताच आक्का रिक्षा करून आली, गुडघे धरत ओट्यावर बसली आणि म्हणाली, मोकळं मीच करते. मी नको म्हटलं. वयाचं कारण दिलं. ती माझी बहीण आहे, तिला कारण पटलं नाही. मग मी इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारलं: त्या झाडाखाली तुम्ही दोघं काय बोलायचा?

"न्हाय सांगत," ती म्हणाली. "शर्यती तुझ्या, कप तुझे, पेपरात नाव तुझं. आता गाडी बी तुझ्याच दारात. तेवढं ऱ्हाऊ दे की माझ्याकडं."

मी चहा ठेवायला आत गेलो. बाहेर आलो तेव्हा ती टाकीवरून हात फिरवत होती. तिनं पुन्हा मागितली नाही, मीही किल्ली पुढं केली नाही. तुम्ही असता तर काय केलं असतं, ते मला माहीत आहे. म्हणून तर हे तुम्हाला लिहितोय, तिला नाही.

त्या गृहस्थांवर पेपरासाठी लिहिलेला लेख वेळेत गेला. त्यात हे काही नाही. हे पानही कुठं जाणार नाही. आता दर रविवारी मीच निघतो, कुरुंदवाडच्या वाटेनं, अगदी हळू. इंजिन चांगलं बोलतं. आणि एवढंच सांगायचं होतं, आबा, की मी टाकीला पोट टेकेपर्यंत पुढं सरकून बसतो. मागं एका माणसापुरती जागा राहते.