मल-सुनच्या अंथरुणाखालचा नळ

थोरले मेहुणे प्यो इन-बोक यांना कू थे-गिलचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? वहिनींची किमची यंदा नीट मुरली का? इकडे मी ठणठणीत आहे, आजारी आहे ते घर.

यंगदोच्या आमच्या घराची जमीन ज्या गरम पाण्याच्या नळांनी तापते, त्यातला एक फुटलाय. पाणी खालच्या केस कापणाऱ्या बाईंच्या दुकानात ठिबकतं. (गिऱ्हाइकांची डोकी फुकटात धुऊन निघतात, तरी आमच्या या भाडेकरीण बाई खूश नाहीत.) त्यांनी आणलेला कारागीर यंत्र लावून जमिनीची नाडी बघत बसला. मग म्हणाला, जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी नळ उघडाच सिमेंटमध्ये पुरला की सिमेंट आधी जस्त खातं आणि मग ओल लोखंडाला लागते. नळाला पट्टी गुंडाळायला हवी होती. कुठल्या शहाण्याने बसवला, असंही त्याने विचारलं. मी सांगितलं, मेहुण्याने. सिमेंट तुम्हीच कालवलं होतं, समुद्राची खारट वाळूही तुम्हीच न धुता आणली होती, तेव्हा नळही तुमच्याच नावावर गेला. (तीस वर्षं जहाजांत नळ जोडलेल्या माझ्यासारख्या माणसाने कबुली देणं बरं दिसलं नसतं.)

गळती नेमकी खिडकीजवळ आहे. गेल्या हिवाळ्यात तुमच्या बहिणीचं, मल-सुनचं, अंथरूण तिथेच होतं. तिथली जमीन जास्त गरम लागते म्हणून दुखण्यात तिने हट्टाने ते तिकडे हलवलं. "दादाच्या हातच्या सिमेंटची ऊब आहे ही," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. गळक्या पाण्याची ऊब होती हो ती. फेब्रुवारीत ती गेली, जागा अजून गरम आहे. म्हणून मी कारागिराला दोनदा परत पाठवलं. पण काल बाईंच्या छताचा गिलावा खाली आला, आता नाही म्हणता येत नाही. गुरुवारी जमीन फोडणार आहेत. मला फार वाईट वाटतंय.

तुमचा,
थे-गिल

ता. क. गुरुवारी याल का? पहिला घाव तुम्ही घाला. माझा हात उठणार नाही, आणि परक्याने घातलेला मला बघवणार नाही.

आणखी एक. वाळूचं मनावर घेऊ नका. एक दिवस थांब, पट्टी गुंडाळून घे, असं तुम्ही तेव्हा मला बजावलं होतं. मीच थांबलो नाही. आमचा पहिलाच हिवाळा होता, जमीन गारठलेली असायची, आणि मल-सुन पाय पोटाशी घेऊन निजायची. मला तिला एकही रात्र जास्त तशी निजू द्यायची नव्हती.