टर्बोतली सुपारी

४ फेब्रुवारी २००७, रविवार

पयली आली ती गंगू शेजारीण. वाटी घेऊन, विरजण मागायला. कालच तर नेलं होतं. मला काय कळत नाय? पाव्हणे बघायचे होते तिला. बसली ओटीवर पाय पसरून.

मग शेणव्याचे दिनकरशेट आले, आमच्या मंदाला, माझ्या नातीला बघायला. लांब काळी गाडी, बंगलेवाल्यांना माळ विकला त्या पैशातली. बायको शेवंताबाई, मुलगा निलेश. पोरगा बरा हाय. मंदाच्या हातून पोह्यांचा चमचा पडला, यानेच उचलून धुऊन आणला. मंदाला आवडलाय, कान लाल झाले ते बघून कळलं.

शेट मात्र! "पोरगी सावळीच हो मावशी, फोटोत गोरी होती." मंदा तिथंच उभी. तिच्या बापाने, माझ्या रमेशने पाण्याचा तांब्या पुढे केला, तर म्हणतो, "हात धुतलेत ना रे? ग्रीस जायचं पोटात." सगळे हसले. गंगू पण, मेली.

मग रमेशला गाडीपाशी नेलं. "जिपा खोलतोस ना? ये, इंजन कशाला म्हणतात बघ." बॉनेट उघडलं, आत नुसतं काळं प्लास्टिक. रमेशने विचारलं, तेल बघायची कांडी कुठाय? "कांडी नसते रे येड्या, पडद्यावर आकडा येतो!" माझा रमेश वीस वर्षं स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून इंजनाचं दुखणं सांगतो. आमच्या टोकावड्यात कोणालाही विचारा.

तरी त्याने कान दिलाच. "शेट, शिट्टी येते. टर्बोचा पाइप सैल हाय." पाइप काढला, क्लिप आणायला आपल्या दुरुस्तीच्या दुकानात गेला. शेट इंजनावर वाकून, सुपारी चघळत.

तेवढ्यात मी ताट घेऊन गेले. नवी गाडी पयल्यांदा दारात आली की ओवाळायची, आमची रीत. ताटात पाच सुपाऱ्या. शेट कोणाला तरी हाक मारायला वळले, मी अक्षता टाकल्या. मुठीत एक सुपारी पण आली होती. पाइपाचं तोंड आ करून होतं. गेली आत. टुक्.

मी पायलं. बोलले नाय. रमेश आला, क्लिप लावून पाइप बसवला.

५ फेब्रु., सोम.

काल हात दुखला म्हणून राहिलं. तिसरी शिकलेली बाई किती लिहिणार.

तर चहा पिऊन शेट निघाले, घाट दाखवतो म्हणे निलेशला. "ही चढ कसा खाते बघा!" तासाभरात परत. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला दोर बांधून! ट्रॉलीत शेणखत. शेट काच खाली करून, स्टेरिंग धरून, आणि खत उडतंय तोंडावर. चढावर म्हणे गाडी किंचाळली, निळा धूर सोडला नि बसली. मी पदर तोंडात कोंबला. आमचे हे गेल्यापासून एवढी हसले नव्हते.

शेट उतरला तो रमेशच्या अंगावर. "तू हात लावलास, तूच मारलीस!" रमेश वाकून पाइपच बघायला लागला. पाइप त्यानेच काढला होता ना.

९ फेब्रु., शुक्र.

रमेशने टर्बो समजावला. इंजनाचा धूर बाहेर जाता जाता एक पंखा फिरवतो. तो पंखा पलीकडचा दुसरा फिरवतो, नि दुसरा इंजनात हवा कोंबतो. म्हणजे चूलच आपली फुंकणी फुंकते. मिनटाला लाखाच्या वर फेरे. त्यात खडा गेला तर पाती उडतात.

गाडी ठाण्याला गेली. तिथं आधी कॉम्प्युटर लावला. नुसता टर्बो काढायला अख्खं इंजन खाली उतरवायचं. पार्ट परदेशातून विमानाने. महिना तरी. "जिपेचं असतं तर जेवायच्या आत केलं असतं आये," रमेश म्हणाला.

शेट आता एस.टी.ने फिरतात. धसईच्या गाडीत गंगूने पायले, कोंबड्यांच्या टोपलीला टेकून उभे. तिला दोनदा सांगायला लावलं.

१४ फेब्रु., बुध.

शेट बाजारात सांगत फिरतो, टोकावड्याच्या मिस्त्रीने गाडी मारली. आज दोन जिपा आमच्या दुकानावरून सरळ पुढं गेल्या. रमेश पाना पुसत बसला, पुसलेलाच. लग्नाचं बोलणं पण बंद. मंदा अर्धी भाकर खाते.

हसू जरा कमी झालं. जराच.

२० फेब्रु., मंगळ.

निलेश एकटाच आला! ठाण्याच्या मिस्त्रीला पाइपात सुपारीचा तुकडा सापडला. शेवंताबाईने नवऱ्याला धरलं, "चोवीस तास तोंड चालू. इंजनावर वाकून चघळत कोण होतं?" शेटाला पण तेच पटलं. आठ दिवस सुपारीला हात नाय लावला. रविवारी येऊन चार लोकांत रमेशची माफी मागणार, नि बोलणी पक्की करणार. तुकडा पण आणणार, दाखवायला. बापाला आई भर बाजारात बोलली, हे सांगताना पोरगा जमिनीकडेच बघत होता.

मी आत जाऊन हसले. मंदाने त्याच्या चहात चार चमचे साखर घातली. तो प्यायला.

२२ फेब्रु., गुरु.

रमेश जेवता जेवता म्हणाला, "आये, मी निलेशला विचारलं तुकडा केवढा. अर्धी गोल सुपारी म्हणतो. शेट तर अडकित्त्याने बारीक कातरून खातात. रविवारी हातात घेऊन बघतो." त्याला खोटं चालत नाय, इंजनातलं पण नाय. उठला तो माझ्याकडे न बघताच.

मंदा पूजेचं ताट घासत होती. "आजे, सुपाऱ्या चारच हायत." मी म्हटलं, उंदराने नेली असंल. "पाचवी आणून ठेवते," ती म्हणाली. "तू बाबाला काय बोलू नको, गो." तिच्या डोळ्यात पाणी. माझ्या पोरीला त्याच घरात जायचंय.

रमेशला सांगू? सांगितलं तर तो शेटाला सांगणार. लग्न गेलं. नाय सांगितलं तर शेट पाया पडणार माझ्या लेकाच्या, नसलेल्या चुकीसाठी. ते बघायला मला फार आवडंल.

वर लिहिलंय सुपारी मुठीत आली. आली नव्हती. घेतली होती. हात धुतलेत ना म्हणाला, तेव्हाच.

रविवारी, २५ला, दहाच्या एस.टी.ने येतो म्हणालेत.