आमुनेची खिंड

याम्बोवा, १२ मे, चर्च सुटल्यावर

नाही रे टोबी, ती रेडिओची खरखर नाही. तुझ्या विद्यार्थ्यांनी बरोबर ऐकलंय, त्या विमानाच्या टेपवर कुणीतरी बाई हसतेय. कोण ते सांगते, आधी घरचं ऐक.

डुकरीण व्याली. रताळी गोड निघालीत. माझे गुडघे कुरकुरतात, पण जीभ धड आहे. विमानं का पडतात ते तू ब्रिस्बेनला शिकवतोस, आणि तुझं अक्षर बघावं तर ओळीवरून घसरतंय. प्राध्यापक म्हणे.

पुढच्या महिन्यात तू सगळ्यांसमोर सांगणार, की याम्बोवाच्या धावपट्टीवरचा तो रेडिओवाला म्हणजे तुझा बाप, तो गोंधळला आणि चौघं मेले. "आई, खरं ते सांगायलाच हवं," असं लिहिलंयस. सांग. पण अर्धं नको.

इथं यायला खिंडी दोनच. त्या दुपारी आमुने ढगात बुडालेली. 'आमुने बंद' एवढंच सांगायचं होतं. पण त्या डोंगरावरूनच माझ्या आईचं नाव ठेवलेलं, आणि आपल्यात कुठला जावई सासूचं नाव घेतो? तू तुझ्या गोऱ्या सासूला खुशाल बेव्हर्ली म्हणतोस, मला ऐकूनच घाम फुटतो.

पायलट नवा होता. तुझा बाप म्हणत राहिला, "ती बंद आहे. ती म्हातारी." तो विचारत राहिला, "म्हातारी कुठली?" मग विचारायचा थांबला.

गोंधळला नव्हता रे. नाव तोंडात आलेलं, ते गिळत होता.

पुन्हा त्यानं रेडिओला हात लावला नाही. मरेपर्यंत दारात खिंडीकडे तोंड करून बसायचा. त्या जागी आता मी बसते. ढग उतरले की इंजिन ऐकू येतं. कुत्री मान वर करत नाहीत, म्हणून कळतं, विमान नाही.

मी पडले लेक, मला आईचं नाव घ्यायला कसली बंदी? त्या दुपारी मी त्याला चिकटूनच बसले होते, हातात भाजलेलं रताळं. त्याची तारांबळ बघून मजा वाटत होती. म्हटलं, बघू तरी सासूबाईंना कसा चुकवतो.

ते हसणं माझं आहे, टोबी.

आमुनेची लेक,
तुझी आई