आतली डबी

७ जुलै, सोमवार

सिबीची बदली झाली! कंपनीच्या दोहा शाखेतून थेट इथं, तिरुवनंतपुरमला! आस्थापना विभागातल्या सूसम्मा चेचीनं जेवणाच्या सुट्टीत स्वतः सांगितलं — "पत्र सकाळीच गेलंय. आता नवऱ्याचा डबाही आणत जा!"

लग्नाला पाच वर्षं. त्यातली चार फोनवरच. दर सुट्टीनंतर जाताना त्याचं एकच — "काय करू, सोडतच नाहीत गं मला."

संध्याकाळी फोन केला. त्यानं आधी पत्राची तारीख विचारली. मग, "नक्की ना?" आनंदानं दुसरं काही सुचलं नसेल.

८ जुलै

सासूबाईंनी मासेवालीला निरोपही धाडला — मोठे करिमीन हवेत! म्हटलं, अम्मच्ची, तारीख तर कळू दे. "तू तारखा बघ, मी मासे बघते."

९ जुलै

बदली नाहीच. माझी चूक.

कंपनीचं सॉफ्टवेअर मी सांभाळते; त्यात कर्मचाऱ्याची नोंद म्हणजे डबीत डबी. गेल्या आठवड्यात नवं फंक्शन लिहिलं — 'नेमणूक.शहर' असा मार्ग द्यायचा, ते एकेक डबी उघडत आत जातं आणि तिथली किंमत बदलतं. चाचणीला सिबीची नोंद घेतली, पाठच आहे. तिची नक्कल केली, नक्कलेत दोहा खोडून तिरुवनंतपुरम घातलं. आणि बघत बसले नुसती.

पण जावास्क्रिप्टमधली ती नक्कल वरवरची. बाहेरची डबी नवी, आतली दोघींत एकच! मूळ नोंदही बदलली, चाचणी संपताना जतन झाली, सोमवारी सकाळी पत्र आपोआप निघालं. अकरा वर्षं हे काम करतेय. नव्यांना पहिल्याच दिवशी हे शिकवते मी!

आमचे साहेब, इट्टी सर, आधी हसले. "रिन्सी, नवऱ्याला आणायला अख्खं ऑफिस कामाला लावलंस की!" मग हळू आवाजात, "उद्या दहाला दुरुस्त कर. सिबीला तू सांगतेस की मी सांगू?"

मीच सांगेन म्हटलं. सांगितलं नाही. अम्मच्चीनं त्याची उशी उन्हात टाकलीय.

१० जुलै, सकाळी साडेनऊ

दुरुस्तीआधी त्याची 'नेमणूक' पूर्ण उघडून पाहिली. शहराच्या खालीच — मुदतवाढ: तीन वर्षं. कारण: स्वतःची विनंती. तारीख १२ मार्च.

दहाला शहर पुन्हा दोहा होईल. पत्र रद्द झाल्याचं त्याला लगेच कळेल. मग फोन येईल — "सोडतच नाहीत गं मला."