खांबापाशी न ठेवलेली ढील

चाचा, काल सुनेनं अंगणातल्या झाडांत दिवे लावायचं काढलं आणि मी तिच्यावर उगाच खेकसलो. तिनं दिव्यांची माळ गुंडाळून आत नेली. जन्मभर वायरमनकी केलेला माणूस चार दिव्यांना का भितो, हे तिला काय सांगणार? तुम्हालाच सांगतो. तुम्हाला ते तेव्हाच कळलं होतं असा मला पन्नास वर्षं संशय आहे, आणि तो मला सुखानं घास गिळू देत नाही.

वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. एका कापूसवाल्या शेठच्या बागेत दिव्यांचे अकरा खांब उभे करायचे होते. मी जवळच्या रिठद गावचा, आयटीआय करून आलेला, लग्न झालेला, सव्वीस वर्षांचा अतिशहाणा. तुम्ही शाळेची पायरी न चढलेले, पण गावातली निम्मी घरं तुमच्या हातानं उजळलेली. शेठकडे प्यायचं पाणी आपल्या दोघांनाही वरूनच ओतायचे. दुपारी तुम्ही मला घरी नेऊन चाचींच्या चुलीपुढे बसवायचे आणि आपल्याच ताटात जेवायला लावायचे. केबलच्या जोडावर ओतायचं डांबरासारखं काळं कंपाउंड तुम्ही त्याच चुलीवर वितळवायचे. "एक दिवस हेच वाढतो तुमाले," चाची म्हणायच्या. सायकलच्या जुन्या ट्यूबचे वॉशर कापून तुम्ही खांबांतल्या जोडाच्या प्रत्येक डब्याच्या झाकणाखाली बसवले. आत पाण्याचा एक थेंब गेला तरी तुम्हाला तो अपमान वाटायचा.

"मातीले जीव असते बापू," तुम्ही मला बजावलं होतं. "उन्हायात ते आंग आखडते. केबल तानून पुरशीन त ओढून नेईन. हरेक खांबापाशी हातभर ढील ठेवजो." आपली काळी माती, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे मला काय नवीन होतं? पण केबलचं माप मी घेतलं होतं. खांब ते खांब सरळ दोरी धरली, आणि केबल प्रत्येक खांबात वर चढून पुन्हा खाली उतरते, हेच विसरलो. शेवटच्या तीन खांबांशी ती कमी पडली. सांगितलं असतं तर तुम्ही चार शिव्या हासडून दुसरी केबल आणली असती, एवढंच. पण आयटीआयवाल्याचं माप चुकलं हे सांगायची मला लाज वाटली. मी केबल ताणून बसवली आणि वर वाळू, विटा, माती लोटून मोकळा झालो. तुम्ही आलात, विचारलंत, "ढील ठेवली का?" मी म्हणालो, "ठेवली, चाचा." तुम्ही उकरून पाहिलं नाही.

वैशाखात माती फाटली. दिवेलागणीला शेठचा माळी अनवाणी झाडांना पाणी घालत होता. त्यानं शेवटच्या खांबाला हात टेकला आणि तिथंच चिकटला. त्याच्या बायकोनं लाकडी दांड्यानं सोडवला म्हणून वाचला, पण उजव्या हाताची दोन बोटं पुन्हा कधी मिटली नाहीत. दुसऱ्या सकाळी तुम्ही खांबाचं झाकण उघडता आणि मी मागे उभा आहे. केबल खाली ओढली गेली आहे. तिच्या अंगावरच्या पोलादी तारा, ज्यांच्यावर सगळं अर्थिंग होतं, त्या सुटल्यात आणि आतली फेजची तार लोखंडाच्या कडेवर सोलली आहे. तुम्ही बराच वेळ बघता. मग माझ्याकडे बघता. शेठ विचारतो, "कोनं केलं हे?"

"म्या," तुम्ही म्हणता. "मले आताशा दिसत नाई बराबर."

बाहेर आल्यावर मला वाटलं, आता कानफटात बसणार. बसली असती तर मी सुटलो असतो. तुम्ही एवढंच म्हणालात, "घरी जाय. बायको वाट पाहून राह्यली असन." गावभर झालं की चाचाचे डोळे गेले. तुम्हाला कोणी कामाला बोलवेना. तुम्ही ओट्यावर बसून स्टोव्ह आणि इस्त्र्या दुरुस्त करू लागलात. ते खांब पुन्हा जोडायचं काम शेठनं मला दिलं आणि मी ते घेतलं. यावेळी हातहातभर ढील ठेवली. पुढं सगळं गाव मला बोलवू लागलं. माळी रस्त्यात भेटला की मी त्याच्या चेहऱ्याकडे बघून बोलायचो, खाली बघायचो नाही.

तुमची लेक आमच्या मागच्याच गल्लीत राहते. मला भाऊ म्हणते, दर ईदेला शीरखुर्म्याचा डबा घेऊन येते. मागच्या ईदेला म्हणाली, "अब्बाले दिसे नाई, त्याइच्या हातून त्या मान्साचे हाल झाले. तरी तुमी त्याइले कधी बोल लावला नाई, भाऊ." मी म्हणालो, "हो, नजर गेली होती त्यांची." चाचा, तुम्ही गेलात त्या साली मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, चाचींना सुईत दोरा तुम्हीच ओवून देत होता.

हे तुमच्या लेकीला वाचून दाखवायचं म्हणून सकाळपासून लिहीत बसलो. दाखवणार नाही. पुढच्या ईदेला ती आली नाही तर मला सोसणार नाही.